वस्तीच्या दारापर्यंत येणारे समुपदेशन

इंदूरच्या दक्षिण-पश्चिम भागात, महूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वसलेल्या राजेंद्र नगराची ओळख मराठी कुटुंबांची जुनी, स्थिरावलेली वसाहत अशी आहे. अशा वसाहतीत एखाद्याची झोप उडाली, मन कशातच रमेनासे झाले, तर घरचे लोक ओळखीच्या डॉक्टरांना विचारतात आणि पुढची वाट बहुधा सापडते. याच वसाहतींत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया, त्यांच्या नव्या इमारतींवर राबणारे मजूर आणि बाजारात हातगाडी लावणारे तरुण ज्या वस्त्यांत राहतात, तिथे मात्र हेच दुखणे नावावाचून राहते. शासकीय मानसिक रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाणगंगा येथे आहे आणि तिथे जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. शिवाय ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ गेल्याचा शिक्का बसेल ही भीती असतेच, आणि ती मजुरीपेक्षाही जड ठरते.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. गरज असलेले आणि उपचार मिळालेले यांच्यामधील या अंतराला उपचारदरी म्हणतात. केवळ मनोविकारतज्ज्ञांची संख्या वाढवून ती भरून निघणार नाही, कारण तज्ज्ञ दवाखान्यात बसतो आणि दुखणे वस्तीत असते.

समुपदेशन आणि समाजकार्य यांचे काम या ठिकाणी सुरू होते. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. समोरच्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे, त्याच्या अडचणीचे स्वरूप त्याच्याच शब्दांत स्पष्ट करणे आणि पुढचे पाऊल त्यालाच ठरवू देणे, अशी ती शिस्तबद्ध प्रक्रिया आहे. समाजकार्य हे त्या व्यक्तीच्या भोवतालाशी, म्हणजे कुटुंब, रोजगार, रेशन, शाळा, पोलीस ठाणे आणि सरकारी कचेरी यांच्याशी केलेले काम. सुस्थित वर्गात ही दोन कामे वेगळी ठेवता येतात. वंचित वस्तीत ती वेगळी ठेवली की दोन्ही निष्फळ होतात. जिचा नवरा मजुरीचे पैसे दारूत घालवतो आणि जिच्या घराचे भाडे तीन महिन्यांचे थकले आहे, त्या स्त्रीला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे पुरेसे नाही. आणि तिला नुसते अर्ज भरून देणे हेही पुरेसे नाही.

हे काम पदवीधर तज्ज्ञांखेरीज इतरांना जमेल का, या शंकेचे ठोस उत्तर गोव्यात मिळाले आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे समुपदेशन सोपवण्यात आले. पद्धत साधी होती. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, कामे सुटली की मन आणखी खचते आणि मन खचले की उरलेलीही सुटतात. म्हणून सहा ते आठ बैठकींत त्याच्याबरोबर बसून सुटलेल्या कामांपैकी एखादे लहानसे काम निवडायचे, ते कधी आणि कोणाच्या सोबतीने करायचे हे ठरवायचे आणि पुढच्या वेळी त्याचे काय झाले ते विचारायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या समुपदेशकांच्या बैठकी ध्वनिमुद्रित होत आणि सहकारी त्या एकत्र ऐकून परस्परांच्या कामाला गुण देत. यशाचे बरेचसे श्रेय या सततच्या तपासणीला द्यावे लागेल.

नैराश्य ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयीची निराशा, मरणाचे विचार इत्यादींचा त्रास किती दिवस झाला, हे विचारून प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण देतात आणि बेरीज दहा वा अधिक झाल्यास पुढील तपासणी आवश्यक मानतात. कागदावर सोपी वाटणारी ही प्रश्नावली वस्तीत विचारताना मात्र भाषेचे ज्ञान लागते. ‘तुम्हाला उदास वाटते का’ या प्रश्नाला कष्टकरी स्त्री अनेकदा ‘नाही’ असे उत्तर देते, आणि पुढच्याच वाक्यात जीव घाबरतो, डोके जड राहते, हातपाय गळून जातात, असे सांगते. इंदूरच्या वस्त्यांत तर माळवी, निमाडी, हिंदी, मराठी आणि झाबुआ-धारकडून आलेल्या भिल्ल कुटुंबांची बोली अशा अनेक भाषा नांदतात. त्या बोलीत वाढलेली कार्यकर्ती हे दुखणे जसे ओळखते, तसे बाहेरून आलेल्या विद्वानाला ओळखता येत नाही.

तरीही केंद्र उघडले म्हणजे लोक येतात, असे नाही. इंदूर-भोपाळ रस्त्यावरील सीहोर जिल्ह्यात ‘प्राइम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांतर्गत सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘मनकक्ष’ सुरू झाले. प्रयत्न प्रामाणिक होता, पण नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण संपूर्ण लोकसंख्येच्या पातळीवर लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. याउलट, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांमध्ये ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना लोकांमध्ये पाठवले, त्यांच्या मागे समुपदेशक आणि त्यांच्याही मागे मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली, आणि नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून अठरा महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नव्हती, हे मान्य केले तरी एक फरक नजरेत भरतो. सीहोरमध्ये भर आरोग्य केंद्रावर होता, अमरावतीत गावातल्या घरांवर.

घरी गेलेल्या कार्यकर्त्याला जे दिसते, त्यातूनच समाजकार्याचा अवघड भाग सुरू होतो. मध्य प्रदेशात बहुतेक शासकीय योजनांसाठी ‘समग्र आयडी’ लागते. खरगोन किंवा झाबुआहून इंदूरला आलेल्या कुटुंबाची नोंद पुष्कळदा गावीच राहिलेली असते आणि त्यामुळे शहरातले लाभ अडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजाराचा समावेश आहे; परंतु त्याचे लाभ सामान्यतः किमान ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात, आणि ते मिळवण्यासाठी रुग्णाला वैद्यकीय मंडळासमोर उभे राहावे लागते. दीर्घ आजाराने खचलेली व्यक्ती आणि तिला सांभाळून थकलेली आई या खेपा एकट्याने घालू शकत नाहीत. त्यांच्यासोबत रांगेत उभा राहणारा समाजकार्यकर्ता औषध देत नाही, पण औषध सुरू राहण्यास तोच कारणीभूत ठरतो.

इंदूरला हे अशक्य नाही. झोपडपट्ट्यांना शहराच्या सांडपाणी, रस्ते आणि पाण्याच्या जाळ्याशी जोडणाऱ्या इथल्या प्रकल्पाला १९९८ मध्ये आगा खान स्थापत्य पुरस्कार मिळाला. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखताना कचऱ्याची गाडी गल्लीगल्लीतून दारापर्यंत नेण्याची शिस्त शहराने अंगी बाणवली. जे शहर कचऱ्यासाठी रोज प्रत्येक दाराशी जाते, त्याने माणसाच्या मनासाठी महिन्यातून एकदा जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. कायदाही तिला दुजोरा देतो, कारण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे.

मात्र हे काम आधीच लसीकरण, बाळंतपणे आणि सर्वेक्षणे यांनी वाकलेल्या आशा कार्यकर्तीच्या खांद्यावर मोबदल्यावाचून टाकणे अन्याय्य ठरेल. दिवसभर इतरांचे दुःख ऐकणाऱ्या व्यक्तीला वेतन, नियमित मार्गदर्शन आणि स्वतःचे मन मोकळे करण्याची जागा मिळालीच पाहिजे. टेली-मानसची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. तिचा उपयोग मोठा आहे, पण एका खोलीच्या घरात सासू, मुले आणि नवरा यांच्यादेखत फोनवर मन मोकळे करता येत नाही.

वस्तीतल्या समुपदेशनाला सर्वांत जास्त उणीव भासते ती अशा एकांताच्या जागेची. राजेंद्र नगर आणि आसपासच्या मराठी संस्थांनी, मंडळांनी आणि मंदिरांच्या विश्वस्तांनी आपल्या वास्तूतील एक खोली, जिचे दार लोटून घेता येते अशी, दोन खुर्च्यांसह आठवड्यातील एका ठरावीक दुपारी या कामासाठी खुली करून द्यावी.