उन्हाळा हरवलेले वर्ष

अग्नी ओकणारा पर्वत पृथ्वीला थंड करतो, हे तुम्हांला खरे वाटेल काय? १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. राखेने सूर्य झाकला आणि आसपासच्या मुलखात भर दिवसा अंधार पडला. राख लवकरच खाली बसली; परंतु गंधकयुक्त वायू ढगांच्याही वर गेला व त्यापासून आम्लाचे सूक्ष्म थेंब बनले. तेथे त्यांना धुऊन काढणारा पाऊस नसतो. म्हणून ते पृथ्वीभर पसरले आणि सूर्याचे काही किरण परतवू लागले. पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरले. काही प्रदेशांत त्याहून अधिक. १८१६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडले. पश्चिम युरोपात पिके बुडाली, लोक अन्नाला महाग झाले. ज्या पर्वताचे नावही त्यांनी ऐकले नव्हते, त्याने त्यांच्या तोंडचा घास हिरावला होता!