मनाची अवस्था आणि सीवकाचा प्रश्न

वर्षावासाच्या काळात ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील विहारांत प्रवचन संपल्यावर उपासक-उपासिका एक प्रश्न आम्हांस हटकून विचारतात : "मन उदास राहते, विनाकारण चिडचिड होते, हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ काय?" विचारणाऱ्यास बहुधा कोणा आप्ताने तसे सांगितलेले असते आणि मूळ दुःखात अपराधभावनेची भर पडलेली असते.

हाच प्रश्न राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारला होता. संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात तो आला आहे. तथागतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली : पित्त, सेम्ह म्हणजे कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतुपालट, विसमपरिहार म्हणजे अनियमित वागणूक, ओपक्कमिक म्हणजे इतरांनी केलेला आघात, आणि कर्मविपाक. कर्म हे आठांपैकी एक आहे. सर्वच सुखदुःखे पूर्वकर्माने होतात असे म्हणणारे स्वानुभव व लोकमान्य सत्य यांच्या पलीकडे जातात, असा या सुत्ताचा निर्वाळा आहे. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. कारण त्यामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला टाळता येते.

ही यादी आपल्या दिनक्रमास लावून पाहावी. पहाटे चारला उठून डबे करणारी आणि गर्दीच्या लोकलने कामावर जाणारी भगिनी, किंवा दर आठवड्यास पाळी बदलणारा कामगार सायंकाळी घरच्यांवर खेकसतो, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा अपुरी झोप व अवेळी जेवण हेच असते. हा विसमपरिहार होय. कचेरीत जातीवरून टोमणा ऐकून मन खचले, तर तो ओपक्कमिक आघात होय. त्यावर केवळ ध्यान हा उपाय नव्हे. तेथे कायदा आणि संघटना यांचाही आधार घ्यावा लागतो.

कारण शोधताना चित्ताकडे कसे पाहावे, हे सतिपट्ठानसुत्तातील चित्तानुपस्सना शिकविते. चित्त सराग आहे की वीतराग, सदोस आहे की वीतदोस, संकुचित आहे की विक्षिप्त, हे जसे असेल तसे जाणावे. "मी वाईट आहे" असे न म्हणता "या क्षणी चित्तात द्वेष आहे" असे ओळखावे. पहिल्या वाक्याने माणूस स्वतःला शिक्षा करतो. दुसऱ्याने येणारी-जाणारी अवस्था त्याच्या ध्यानी येते. गाडीत उभ्या उभ्या, श्वासाकडे लक्ष देऊनही हा अभ्यास होतो.

या अभ्यासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन आठवडे किंवा अधिक काळ उदासी हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, झोप व भूक बिघडली असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. १९०१ साली सुरू झालेले मनोरुग्णालय ठाण्यातच आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. औषध घेणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. सुत्तातील यादीचा आरंभच मुळी शरीरातील कारणांपासून होतो.

म्हणून कोणी आपले दुःख सांगू लागल्यास कर्माचा दाखला देऊ नये. झोप होते का, जेवण होते का, कोणी दुखावले का, हे आधी विचारावे.