पट्टी भरली, पण माल पोंचला काय?

संगणकावर एका ठिकाणची फाईल दुसऱ्या ठिकाणीं नेत असतां पडद्यावर प्रगतीची एक खूण दिसूं लागते. ती हळूहळू भरत जाते, शेजारीं आंकडा चढत जातो, आणि ती पूर्ण भरली म्हणजे काम झालें असें आपण समजतों. ही समजूत नेहमींच खरी असते असें नाहीं. ती आम्हांस कशी महागांत पडली हें सांगून, त्यामागील कारण आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या मुलांनीं घरच्या व शेजारच्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेऊन त्या ध्वनिमुद्रित केल्या. एकंदर चाळीस फायली झाल्या. आमच्या संगणकवर्गांतील यंत्रें लिनक्सवर चालतात. त्यांपैकीं एकावरून हा संग्रह आम्ही पेनड्राईव्हवर हलविला. नक्कल केली नाहीं, हलविला. पट्टी थोड्याच वेळांत भरली व नाहींशी झाली. शाळा सुटल्याची घंटा झाली होती. आम्ही पेनड्राईव्ह ओढून खिशांत टाकला. घरीं जाऊन पाहतों तों नांवें चाळीसही होतीं, परंतु अकरा फायली कांहीं केल्या उघडेनात. मूळ प्रती तर हलवितांनाच पुसल्या गेल्या होत्या.

दहा जणींकडे मुलें पुन्हां गेलीं व त्यांच्या ओव्या पुन्हां मिळाल्या. अकराव्या आजीबाई ध्वनिमुद्रणानंतर पंधरवड्यांतच वारल्या होत्या. त्यांचा नातू आमच्याच वर्गांत आहे. तो रागावला नाहीं, एवढेंच म्हणाला, “सर, पट्टी तर भरली होती ना?” त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देत आहों.

प्रथम ही पट्टी काय मोजते तें पाहूं. लिनक्स हें 1991 सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्झ ह्यांनीं सुरू केलें. त्याच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. आपण पडद्यावर पाहतों ती खिडक्या-चित्रांची मांडणी निराळी. केडीई (1996) व ग्नोम (1997) ह्या त्यांतील दोन प्रसिद्ध योजना होत. ग्नोममध्यें ‘फाईल्स’ नांवाचा कार्यक्रम एक लहानसें वर्तुळ भरत जाणारें दाखवितो, व त्यावर टिचकी मारली असतां सविस्तर पट्टी उघडते. केडीईमध्यें तळच्या फळीवर सूचना येते. रूप निराळें, पण रीत एकच. कार्यक्रम आधीं एकंदर माल किती तें मोजतो, मग त्याचे तुकडे एकामागून एक कर्नलच्या हवालीं करतो. हवालीं केलेला माल भागिलें एकंदर माल, हाच तो चढता आंकडा. उरलेला वेळ काढतांना उरलेल्या मालास आतांपर्यंतच्या वेगानें भागतात. बारीक बारीक हजार फायली असल्या म्हणजे प्रत्येकीचें नांव व जागा निराळी नोंदावी लागते, वेग पडतो, आणि ‘दोन मिनिटें’ म्हणतां म्हणतां ‘दहा मिनिटें’ दिसूं लागतात.

आतां मुख्य मुद्दा. कर्नल तो माल तत्काळ पेनड्राईव्हवर लिहीत नाहीं. तो आधीं रॅममध्यें, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत, ठेवून घेतो व ‘मिळाला’ म्हणून सांगतो. टपालपेटीचें उदाहरण घ्या. शंभर पत्रें पेटींत टाकण्यास एक मिनिट पुरतें. तीं घरोघर पोंचविण्यास पोस्टमनास सारा दिवस लागतो. पट्टी पेटींत पडलेलीं पत्रें मोजते, दारीं पोंचलेलीं नव्हे.

ही पेटी किती मोठी असते? साधारणतः उपलब्ध रॅमच्या शेंकडा 10 इतका माल सांचला म्हणजे कर्नल मागच्या बाजूनें लिहूं लागतो. शेंकडा 20 झाला म्हणजे माल देणाऱ्यासच थांबवितो. वेगानें धांवणारी पट्टी मध्येंच खिळल्यासारखी दिसते ती बहुधा ह्यामुळेंच. यांखेरीज सुमारें 30 सेकंदांहून जुना झालेला माल लिहावयास घ्यावा असाही नियम आहे. समजा, 6 गिगाबाईट रॅम मोकळी आहे. तर शेंकडा 20 म्हणजे 1.2 गिगाबाईट. पेनड्राईव्ह सेकंदास 10 मेगाबाईट लिहीत असेल, तर एवढा माल उतरविण्यास त्यास दोन मिनिटें लागतील. पट्टी मात्र केव्हांच भरलेली असेल.

2013 सालीं कर्नल रचणारांमध्यें ह्याची बरीच चर्चा झाली. शेंकड्याची ही रीत यंत्रांत अवघी 8 ते 64 मेगाबाईट स्मृति असे त्या काळची आहे, असें स्वतः टोरवाल्ड्झ ह्यांनीं सांगितलें. स्मृति शेंकडों पटींनीं वाढली. त्याबरोबर पेटीही वाढली. पोस्टमन मात्र तितका चपळ झाला नाहीं.

मग पट्टी काढूनच टाकावी काय? नाहीं. 1985 सालीं ब्रॅड मायर्स ह्यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, काम किती झालें हें दिसत असलें म्हणजे लोकांस तें अधिक आवडतें. पट्टी खोटेंही बोलत नाहीं. ‘किती दिलें?’ ह्या प्रश्नाचें ती खरें उत्तर देते. आम्ही तें ‘किती पोंचलें?’ ह्याचें उत्तर समजलों; चूक आमची.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. एक, मोलाची वस्तु हलवूं नये. नक्कल करावी, नक्कल उघडून पाहावी, व मगच मूळ पुसण्याचा विचार करावा. दुसरी, पेनड्राईव्हच्या नांवाशेजारील बाहेर काढण्याची खूण दाबावी. माल शिल्लक असल्यास ग्नोम ‘लिहिणें चालू आहे, काढूं नका’ असें सांगतो, व संपल्यावर ‘आतां काढण्यास हरकत नाहीं’ असा निरोप देतो. त्या निरोपाची वाट पाहावी. तिसरी, आज्ञा लिहून काम करणारांनीं ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी. सांचलेला माल लिहून होईपर्यंत ती परत येत नाहीं.

उरलेल्या एकोणचाळीस ओव्या आतां दोन ठिकाणीं ठेविल्या आहेत. परवां त्यांची आणखी एक नक्कल करतांना पट्टी भरली, आणि संवयीनें आमचा हात पुढें झाला. शेजारीं तोच नातू उभा होता. तो म्हणाला, “सर, थांबा. अजून निरोप आला नाहीं.”

आम्ही थांबलों.