मिक्सरचा वेग आणि परभणीचा उन्हाळा

आज बोलायचंय स्टँड मिक्सरबद्दल. वाटणाचा मिक्सर नाही बरं का. खाली भांडं, वर डोकं आणि त्याला लावलेलं फेटणं गोल फिरतं, तो. वेग किती ठेवायचा हा प्रश्न, आणि उदाहरणाला घेतलंय परभणी जिल्ह्यातलं पोखर्णी, नृसिंहाच्या देवळाचं गाव. नृसिंह जयंती येते वैशाखात, तेव्हा तिकडं पारा चाळिशीपार गेलेला असतो. अशा स्वयंपाकघरात केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताईंना पाककृतीतला 'रूम टेंपरेचर' हा शब्द चक्क फसवतो.

मिक्सर फिरला की मिश्रणात हवा जाते, ती आपल्याला हवीच असते. पण घर्षणाची उष्णताही जाते, आणि ती नको असली तरी मिळते. वेग ठरवताना दोन्ही धरायच्या.

बटर-साखर फेटताना साखरेचे दाणे बटरमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या करतात. बेकिंग पावडरचा वायू पुढे याच पोकळ्या फुगवतो. त्यासाठी बटर १८ ते २० अंशांवर हवं, म्हणजे बोट दाबलं की खळगा पडेल, पण चकाकणार नाही. दहा वेगांच्या मशीनवर ४, जास्तीत जास्त ५. मे महिन्यात बटर तासभर बाहेर ठेवायची गरजच नाही, फ्रीजमधून काढा, तुकडे करा, लगेच फेटायला घ्या. तेलकट दिसायला लागलं की वेग वाढवून काही होत नाही, भांड्यासकट १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

मैदा घातला की वेग १. कोरडं पीठ दिसेनासं झालं की बंद, नाहीतर केक चिवट होतो. पावाची कणीक २ वर, त्यापुढे नाही. मोटारवर ताण येतो आणि कणीक तापते. उन्हाळ्यात पाणी फ्रीजमधलंच घ्या.

आता क्रीम, कारण पैसे बुडतात ते इथं. नेहमीच्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, ते फेटून उभं राहत नाही. बहुतेक जणी नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वापरतात. ते फ्रीजरमधून फ्रीजमध्ये उतरवायचं आणि थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच घ्यायचं. भांडं, फेटणं दोन्ही गार. सुरुवात २ वर, घट्ट व्हायला लागलं की ५-६. दहावर काम लवकर उरकतं हे खरं, पण बुडबुडे मोठे होतात आणि मोठे बुडबुडे टिकत नाहीत. घरी टवटवीत दिसणारा केक परभणीला पोचेपर्यंत कडांनी खाली बसतो. (गावाकडं निम्म्या लोकांचा कागदावरचा वाढदिवस १ जूनला! म्हणजे ऑर्डरीही ऐन उन्हाळ्यात.)

आणि हो, हे सगळे आकडे दहा वेगांच्या मशीनचे. तुमच्याकडं सहाचं असेल तर ४ म्हणजे बराच जास्त वेग झाला. व्हिडिओतला आकडा तसाच उचलू नका. फेटणं जिथं अडकवतो त्या फिरत्या भागावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा, १५ सेकंदांत किती फेरे होतात ते मोजा आणि चारनं गुणा. मोठ्या वेगाला डोळा पुरत नाही, तिथं मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून मोजा. आलेले आकडे मशीनच्या बाजूलाच लिहून ठेवा.