नाव मोठं, रकाना छोटा

मेल सर्व्हर बदलायचा म्हटलं की लोक आधी जुन्या पत्रांची काळजी करतात. आमच्या कॉलेजातही तेच झालं. पण पत्रं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायला ‘आयमॅपसिंक’सारखी साधनं तयार आहेत. रात्रभर लावून ठेवायची, सकाळी तपासायचं. खरं अडतं ते लॉगिनच्या नावापाशी.

नमुन्यादाखल चंद्रशेखर देशपांडे हे नाव घ्या. रोमन लिपीत, मधलं टिंब धरून, त्याची 24 अक्षरं होतात. लिनक्सवर साधारण 32 पर्यंत चालतं. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत मात्र जुन्या पद्धतीचं लॉगिन 20 अक्षरांवर थांबतं. शेवटची चार कापली की आडनावाची पहिली पाचच उरतात. उद्या गोव्याचे कुणी चंद्रशेखर देशप्रभू रुजू झाले तर त्यांचंही नेमकं तेवढंच उरेल! जुन्या युनिक्सवर तर 8 अक्षरांचाच रकाना होता. तिथे चंद्रकांत आणि चंद्रकला एकाच नावाचे धनी. तीन-तीन नावं लावणारे आपण तो आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसणारच.

आमचे भाऊसाहेब म्हणाले, “मॅडम, सगळ्यांचे पत्तेच आखूड करून टाकू.” मी साफ नाही म्हटलं. पत्ता बँकेत दिलेला असतो, शोधनिबंधावर छापलेला असतो. शिवाय पत्त्याला ही अडचण नाहीच. 1982 सालच्या आरएफसी 821 या नियमावलीपासून ‘अ‍ॅट’च्या चिन्हाआधीच्या भागाला 64 पर्यंत जागा आहे. दारावरच्या पाटीवर पूर्ण नाव असतं, किल्लीवर ते कोरावं लागत नाही. लॉगिन ही किल्ली. ती कर्मचारी क्रमांकावरून केली की आखूड राहते आणि दोघांची सारखी होत नाही. पत्ता पूर्ण नावाचाच ठेवायचा, आणि आठ अक्षरांच्या काळातले पत्ते ‘एलियस’ म्हणून त्याच पेटीला जोडायचे.

हे सगळं आधी व्हायला हवं. नावांची यादी एक्सेलमध्ये घ्यायची, शेजारच्या रकान्यात प्रत्येकाची लांबी, त्यापुढे कापलेलं रूप, आणि त्यात सारखी किती निघतात ते पाहायचं. काही सॉफ्टवेअर लांब नाव सरळ नाकारतात, ते परवडलं. गुपचूप कापणारे धोक्याचे. त्यांच्यामुळे एकाची पत्रं दुसऱ्याच्या पेटीत पडू शकतात.

देवनागरीत पत्ता हवा असेल तर 2012 च्या आरएफसी 6531 पासून तोही रस्ता मोकळा आहे. पण ती 64 ची मर्यादा अक्षरांची नाही, ऑक्टेटची, आणि आपलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन ऑक्टेट खातं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण काने, मात्रा, हलन्त धरून संगणक दहा चिन्हं मोजतो. झाले 30. आडनावाला उरतात 34, तेही टिंबासकट.

आणखी एक पथ्य मी काटेकोर पाळते. निवृत्त झालेल्याचा पत्ता नव्या माणसाला द्यायचा नाही, नाव तंतोतंत जुळलं तरी. त्यावर बँकेचे ओटीपी येत असतात.

तुमच्या कार्यालयात असा बदल होणार असेल तर आधीच दोन गोष्टी विचारून ठेवा: माझा जुना पत्ता चालू राहणार का, आणि लॉगिन करताना कोणतं नाव टाकायचं? उत्तरं लेखी घ्या.