कंबरदुखी कामाचीच असते असे नाही

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ हे तुरीचे वाण शेतकऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहे. पण ती तूर सोंगायला दिवसभर वाकणाऱ्या आपल्या आया-बहिणींच्या कंबरेची चौकशी कोणी करत नाही. कंबर दुखली की मेडिकलवरून गोळी आणायची, रात्री तेल चोळायचे आणि सकाळी पुन्हा कामावर. दुखणे बहुतेक वेळा कामाचेच असते, हे आम्हीही मान्य करतो. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसाची पाठ, कंबर किंवा बरगडी महिना-महिना दुखत असेल, पडून राहूनही बरे वाटत नसेल, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर मल्टिपल मायलोमाची शंका घ्यावी.

हा हाडाच्या आतल्या मगजाचा कर्करोग आहे. मगजातच आपले रक्त तयार होते. तिथल्या प्लाझ्मा पेशी रोगजंतूंशी लढणारी प्रथिने बनवतात. त्यातली एखादी पेशी बिघडली की तिचीच पिलावळ वाढते. चांगल्या रक्ताला जागा उरत नाही, हाडे आतून पोखरली जातात, त्यातले कॅल्शियम रक्तात उतरते आणि निकामी प्रथिने मूत्रपिंडात अडकतात. अशात दुखण्याच्या गोळ्यांचा मारा चालू असला तर मूत्रपिंड आणखी लवकर बिघडते. कंबर झटका देऊन बसवणाऱ्याकडे तर जाऊच नये. पोखरलेले हाड मोडते. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरातही दुखण्यापायी गंडा-दोरा शिरतो, हे बोलायला हवे. हा रोग कोणाच्या करणीने होत नाही आणि स्पर्शाने पसरतही नाही.

अभिनेत्री किरण खेर यांचा डावा हात नोव्हेंबर २०२० मध्ये चंदीगडच्या घरी मोडला. त्यानंतरच्या तपासण्यांत हा आजार निघाला. उपचार मुंबईत झाले. आपल्याकडे हात मोडला की प्लास्टर घालून विषय संपतो.

सुरुवात साध्या तपासण्यांनी होते. सीबीसी, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि एकूण प्रथिने. एक्स-रे चांगला आला म्हणून थांबू नये, कारण हाड बरेच झिजल्यावरच त्यात दिसते. शंका राहिली तर रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करतात. शेवटी मगजाचा नमुना घेतात. ‘मणक्यात सुई घातली तर माणूस लुळा होईल’ या भीतीने कोणी मागे फिरू नये. सुई मणक्यात नाही, जागा बधिर करून कुल्ल्यामागच्या हाडात घालतात. नमुन्यात १० टक्के किंवा जास्त बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी सापडल्या आणि हाडे, रक्त वा मूत्रपिंडावर परिणाम दिसला, की निदान पक्के होते. रोग सहसा मुळापासून जात नाही. मात्र औषधांनी तो आटोक्यात ठेवून अनेकजण कित्येक वर्षे जगतात.

पहिल्या तपासण्यांसाठी सरकारी दवाखाना गाठावा. पुढे जावे लागले तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात; रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. जाताना जुने रिपोर्ट आणि आजवर खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. किती गोळ्या पोटात गेल्या, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.