हाताशी आलेली पपई

परसातली पपई पिकली की आकडी शोधावी लागते. झाड छपराच्या वर गेलेलं असतं. पोकळ, मऊ खोडावर चढायची सोय नाही. वळवाच्या वाऱ्यात तर फळांनी लगडलेलं झाडच आडवं होतं. बागायतदाराचं दुखणं आणखी वेगळं: पपईची बाग दोन-तीन वर्षांचीच. त्यात मावा रिंगस्पॉट विषाणू घेऊन येतो. पहिलं फूल जितकं लांबेल, तितकं उत्पन्न बुडतं.

या दुखण्यावर बिहारमधल्या पुसा गावी उपाय सापडला. १९०५ साली इथं कृषी संशोधन संस्था उभी राहिली. १९३४च्या भूकंपानंतर ती दिल्लीला गेली, तरी पुशाचं केंद्र चालू राहिलं. तिथं पपईच्या बियांवर १५ किलोराँटजन गॅमा किरणांचा मारा केला गेला. पहिली पिढी वाढली. दुसऱ्या पिढीत काही रोपं खुजी निघाली. खुज्याचा संकर खुज्याशीच, असं पिढ्यान्‌पिढ्या करून वाण स्थिर झाला. राम आणि मजुमदार या संशोधकांनी १९८१ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. नाव पडलं ‘पुसा नन्हा’.

नन्हाचं झाड साधारण १०६ सेंटिमीटर उंच. फळं जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर लागू लागतात, म्हणजे जेमतेम गुडघ्याखाली. सव्वा मीटर अंतरानं लावली तर हेक्टरी ६,४०० झाडं बसतात. कुंडीतही ती फळते.

एक अडचण मात्र राहिली. नन्हात नर-मादी झाडं वेगळी, आणि फूल येईपर्यंत ओळखू येत नाहीत. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, फुलं आली की जादा नर उपटायचे आणि परागासाठी शेकडा दहा ठेवायचे. उंच झाडासाठी ही वाट पाहणं लांबतं. लवकर फुलणारं झाड आपण नर की मादी ते लवकर सांगतं, आणि जादा नरांवर वाया जाणारं खत-पाणी वाचतं.

खुजेपणाचा गुण अप्रभावी आहे. शेजारच्या उंच पपईचा पराग पडला, की त्या बियांची रोपं पुन्हा आभाळाकडे धावतात. म्हणून घरचं बी धरणाऱ्यानं मादी फूल उमलण्याआधी पिशवीत बांधावं आणि पराग नन्हाच्याच नराचा द्यावा. पुशाला पिढ्यान्‌पिढ्या जे करावं लागलं, तेच थोडंसं आपल्या अंगणातही करावं लागतं. मग आकडी लागत नाही. घरातलं लहान पोरही पिकलेलं फळ हातानं काढतं.